एकदाच सांडलेलं

भाईदास पाटलाच्या तापीकाठच्या गावात गुजरांची घरं अंड्यालाही शिवत नसत. पण पटकीची साथ आली की मरीआईला बोकड लागायचाच, आणि तो कापायचं काम भिलाटीतल्या एका घराकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं. म्हणजे पुण्य गावाला आणि रक्त भिलाच्या हाताला. सोय मोठी छान होती. त्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं आधी सुऱ्याला हात लावायचा, मग पोरानं घाव घालायचा, आणि रक्तात कालवलेला भात गावाच्या शिवेवर फेकत फिरायचं. एवढ्यासाठी त्या घराला दोन बिघे जमीन दिलेली होती.

नवरा गेल्यापासून त्या घरातली वडीलधारी रूपलीबाई होती. तीनदा तिनं सुऱ्याला हात लावलाही होता. पण सरत्या हिवाळ्यात तिनं नंदुरबारच्या मिशनात बाप्तिस्मा घेतला, आणि वैशाखात पटकी आली. चार दिवसांत गावातली पाच माणसं गेली.

पाचव्या दिवशी सकाळी पाटील स्वतः भिलाटीत आला. मागे निम्मं गाव होतं. बोकड बाभळीला बांधलेला होता आणि रूपलीबाईचा मुलगा करणसिंग धार लावलेला सुरा घेऊन उभा होता.

"रूपली, हात लाव," पाटील म्हणाला.

"नहीं लावाव, पाटीलबाबा."

"का बरं?"

"मन्हासाठे रगत सांडी गयं. येसूनं सांडं. एकदाव सांडं, तेवढं पुरं शे."

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. पाटीलही हसला. "कोठे शे ते रगत? आम्हले तं शिववर दिसत नहीं."

रूपलीबाई खवळली, कारण हाच प्रश्न तिनंही पाद्रीबाबांना विचारला होता. रक्ताची पारख तिला होती, मिशनातल्या शहाण्यासुरत्यांना नव्हती एवढी. सकाळी सांडलेल्या रक्ताला दुपारी मुंग्या लागतात आणि तिसऱ्या दिवशी त्याची माती होते. पुन्हा साथ, पुन्हा बोकड. एकानं स्वतःहून जीव दिला आणि सगळ्यांसाठी एकदाच दिला, हे ऐकून मिशनातल्या बाया रडल्या होत्या. ती रडली नव्हती. तिला एवढंच कळलं होतं की जे दर खेपेला मागतं त्याचं पोट कधी भरलेलंच नसतं.

"बोकडले दोरीवरी बांधनं पडस," ती म्हणाली. "मन्हा येसू सोताहून उना. त्यान्हावर आखो बोकड कसाले?"

करणसिंग जवळ आला आणि हळूच म्हणाला, "माय, नुसतं बोट लाव. घाव मी घालसू. मनमा तू तुन्हा येसूनं नाव ले."

एक बोट. तेवढ्यावर जमीन राहणार होती, गाव गप्प बसणार होतं आणि पोरगा सुखानं जेवणार होता. सौदा वाईट नव्हता, म्हणूनच ती घाबरली. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"बोट लावं तं मी सांगी दिधं, त्यान्हं रगत कमी पडनं," ती म्हणाली. "ते मी सांगाव नहीं."

पाटलाचा चेहरा उतरला आणि मग तापला. "मंग वावर सोड. आजपासून."

"सोडं."

तिच्या हाताशिवाय सुरा चालत नव्हता, आणि गुजरांपैकी कोणी तो धरला असता तर घरच बाटलं असतं. बोकड होता तसा परत गेला. लोक शिव्या घालत पांगले. रूपलीबाई झोपडीत जाऊन पोटभर रडली, कारण ते वावर तिनं स्वतः दगड वेचून नांगरण्याजोगं केलं होतं. करणसिंग त्या रात्री तिच्या हातचं जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पाटलाची बायको नर्मदाबाई दारात येऊन उभी राहिली. भिलाटीत तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं. पुन्हा हात लावायला सांगायला आली असेल, असं वाटून रूपलीबाई तोंड फिरवून बसली.

"त्यासले पटकी व्हयनी," नर्मदाबाई म्हणाली. "सकाळपासून उलट्या. कोनी घरमा पाय ठेवत नहीं. रूपली, तू सांगस ते रगत तुम्हलेच शे, का आम्हलेबी चालस?"

नाही म्हणायला रूपलीबाईची जीभ वळवळली. त्या रक्तापायी तिनं दोन बिघे सोडले होते आणि पोरगा तोडला होता. ते तिचं होतं. बाप्तिस्म्यानंतर पहिल्यांदाच तिला वाटलं, की ते रक्त जरा कमी सांडलं असतं तर बरं झालं असतं, भिलाटीपुरतं. पण पुरं शे, असं काल तिनंच साऱ्या गावासमोर सांगितलं होतं. ते पाटलाच्या उंबऱ्याशी संपत असेल, तर मग पुरलं कुठं?

"चालस," ती रागानंच म्हणाली. "त्यालेबी चालस. मन्हं वावर लिधं त्यालेबी."

तिनं पदर खोचला, पेजेसाठी तांदूळ बांधून घेतले आणि बाहेर आली. भिलांच्या बायांनी पाटलाच्या घरी मागून जायचं, शेणाच्या वाटेनं, हे दोघींनाही माहीत होतं.

"पुढे व्हय, आनि पुढलं दार उघाड," रूपलीबाई म्हणाली. "मी मांगला दारतून येवाव नहीं."