जाधवांच्या खाली, कदमांच्या वर

युरोपातून परतल्यावर सुशीलने आम्हाला हिल्सबरोच्या त्याच्या घरी फोटो बघायला बोलावलं. इतर माणसं फोटो फोनवर पाठवतात. सुशील प्रोजेक्टर लावतो. आधी फोटो, मग पावभाजी, असा त्याच्या घरचा दंडक आहे. ऑकलंडमधल्या निम्म्या मराठी मंडळींनी त्या पावभाजीपायी त्याचं थोबाड देशोदेशी उभं राहिलेलं बघितलं आहे.

या वेळी मी गेले ती आईसाठी. माझी आई शांता ऐंशीच्या पुढची आहे आणि पापाकुराला माझ्याकडे असते. तिचे वडील सखाराम जगदाळे दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीला गेले, तेव्हा आई पोटात होती. ते तिकडे मारले गेले तेव्हा ती पाळण्यात होती. त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. फोर्ली नावाच्या शहराबाहेर हिंदी सैनिकांचं स्मारक आहे, तिथे त्यांचं नाव कोरलेलं आहे. ते नाव मी तिला कॉम्प्युटरवर दाखवलं होतं. "हे काय, तू टाइप केलंस तरी असंच दिसेल," ती म्हणाली. तिला कोरलेलं हवं होतं. पण तिच्या गुडघ्यांना आणि माझ्या रजेला एवढा प्रवास झेपणारा नव्हता.

सुशील त्याच फोर्लीत युद्धाच्या इतिहासाच्या वॉकिंग टूरला जाणार होता आणि टूरचा शेवट त्या स्मारकापाशी होता. मी त्याला नाव आणि ते कुठे कोरलंय ते सगळं कळवलं आणि एकच फोटो मागितला. "डन, विभावरी! स्वीट अ‍ॅज!" असं इथल्या बोलीत उत्तर आलं.

म्हणून आईने ठेवणीतली इरकल नेसली. पहिल्या खुर्चीत बसून तिने चष्मा पुसून ठेवला.

"किआ ओरा, मंडळी!" माओरीत स्वागत करून सुशीलने मोठा दिवा घालवला. "आता युद्धभूमीवर चला!"

युद्धभूमीवर आधी त्याचा नाश्ता होता. मग त्याचे नवे बूट. मग एक चौक आला आणि चौकात दिव्याच्या खांबाला टेकून आइस्क्रीम खाणारा सुशील आला.

"या खांबांवर बंडखोरांची प्रेतं टांगली होती," तो म्हणाला. "आणि हे पिस्ता. जगात असं पिस्ता नाही!"

"डॅड, दॅट्स सो नॉट ओके," त्याची मुलगी इरा मागून म्हणाली. त्या घरात अक्कल तेवढी एकीलाच मिळालेली दिसते.

"गाइड कशी होती?" कुणीतरी विचारलं.

"हीप्स माहिती, ढीगभर! पण बाई फार इमोशनल. तिच्या आजीने ते सगळं खिडकीतून बघितलं होतं म्हणे. अर्धा तास तिथंच. शेवटी मीच म्हटलं, मूव्ह ऑन करू या."

त्याच्या बायकोने, मधुवंतीने, कौतुकाने मान डोलावली. नवऱ्याने एका रडणाऱ्या बाईला पुढे हाकललं याचाही तिला अभिमान. मग तो आपले सैनिक तिकडे कसे लढले ते सांगू लागला. आपले म्हणजे न्यूझीलंडचे. मराठा पलटणीचा विषय निघाला तेव्हा मात्र तो "दोज इंडियन्स" म्हणाला. पासपोर्ट बदलला की माणसाचे पूर्वजही बदलून मिळतात, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

आई दर फोटोला जरा पुढे वाकायची आणि पुन्हा मागे टेकायची.

"आणि आता स्पेशल," सुशील म्हणाला. "मावशी, खास तुमच्यासाठी!"

भिंतभर सुशील उमटला. अंगात न्यूझीलंडच्या रग्बी संघाची काळी जर्सी, दोन्ही अंगठे वर, दात बाहेर. मागे इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने नावंच नावं. त्याच्या डोक्याच्या वर जाधव दिसत होते. त्याच्या कमरेच्या खाली कदम दिसत होते. मधले सगळे, जगदाळ्यांसकट, त्याच्या मागे गेले होते.

"दुसरा आहे ना?" मी विचारलं.

"अगं, परतीची बस थांबली होती. वन टेक! पण फ्रेम बघ ना, क्लासिक."

पावभाजीचं पातेलं उचलून त्याच्या डोक्यावर पालथं करावं असं मला वाटलं. रागापेक्षा किळस जास्त होती. इतक्या लांब जाऊन, त्या नावापुढे उभं राहून, या माणसाला दाखवण्यासारखं काय सापडलं, तर स्वतःचं पोट.

आई उठली आणि खुर्च्यांचा आधार घेत भिंतीपाशी गेली. सुशीलचा एक अंगठा तिच्या अंबाड्यावर पडला. तिने जाधवांवर बोट ठेवलं, एकेक नाव वाचत खाली आणलं, आणि जर्सीशी आल्यावर ते थांबलं.

"सुशीलराव," ती म्हणाली, "जरा बाजूला व्हा."

"सॉरी, सॉरी, मावशी!" प्रोजेक्टरपाशी उभा असलेला सुशील लगबगीने बाजूला सरकला. तिला नीट दिसावं म्हणून त्याने कोपऱ्यातला उरलेला दिवाही घालवला.

आईने बोट काढलं नाही. भिंतीवरचा सुशील अंगठे वर करून तिथेच उभा होता.