पाडव्याची जप्ती

"साहेब, माझ्या नावावर शेणाची पाटीसुदीक न्हाई," कृष्णात गवळ्यानं मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर सांगितलं. "म्हशी चुलत्याच्या. मी नुसता धारा काढणारा गडी."

वीस वर्षं मी तात्या वकिलांकडे कारकुनी केली. खोटं ऐकून कान किटले होते. तरी इतक्या थंडपणे खोटं बोलणारा भेटला की माझं डोकं तापायचंच. तात्या म्हणायचे, फी मला मिळते आणि संताप तुम्हाला येतो.

कृष्णातनं त्याच्या बायकोला, बनाबाईला, म्हशीच्या खुंट्यानं मारून घराबाहेर काढलं होतं. तिचं मनगट मोडलं, ते वाकडंच जुळलं. कोर्टानं महिना वीस रुपये पोटगी ठरवून दिली. पहिला महिना त्यानं दिली, मग आठ महिने दमडी नाही. जोतीराम हवालदार जप्तीचं वॉरंट घेऊन दोनदा गोठ्यावर गेला. दोन्ही वेळा चुलता केरबा पुढं झाला आणि म्हणाला, म्हशी माझ्या. वॉरंट जसं गेलं तसं परत आलं.

बनाबाई भावाकडे राहत होती. भाऊ गणपतराव वाईट नव्हता. पण घरात चार पोरं, आणि बायकोची धुसफूस. दसरा झाल्यावर तो बहिणीला घेऊन आमच्याकडे आला आणि तिच्यादेखतच म्हणाला, "वकीलसाहेब, दिवाळीच्या पाडव्यापतूर पैसं आलं तर बरं. न्हाईतर मी हिला नांदायला सोडून येतो. लोकं काय काय बोलत्यात."

बनाबाईनं मान खाली घातली. तिला त्या गोठ्यात परत पाठवायचं म्हणजे दुसरं मनगटही मोडायला देणं.

तात्यांनी चष्मा काढला. "बाई, म्हैस त्याची आहे हे दाखवायचं कसं? म्हैस काय साक्ष देणार आहे?"

"देती की," बनाबाई म्हणाली. "त्यो कोर्टात खोटं बोलंल. पाडव्याला न्हाई बोलायचा."

तात्या मूळचे पुण्याचे, त्यांना कळेना. मला लख्ख कळलं. कोल्हापूरचे गवळी पाडव्याला म्हशी नटवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, कपाळाला मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा. धनी लांब उभा राहून हाक मारतो आणि म्हैस गर्दीतून वाट काढत त्याच्याकडे पळत येते. ज्याच्या हाकेला म्हैस येते तो तिचा धनी, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

"सणाच्या दिवशी जप्ती बरी दिसते का?" तात्या कुरकुरले.

"भुकेला सणवार असतो का?" मी म्हणालो आणि वॉरंटाचा अर्ज लिहायला घेतला.

पाडव्याला दुपारी गंगावेशीत पाय ठेवायला जागा नव्हती. हवालदार पानाच्या दुकानाला टेकून उभा होता. पलीकडे मी, बनाबाई आणि तोंड पाडून आलेला गणपतराव. कृष्णात त्याच्या लाडक्या म्हशीला, हरणीला, घेऊन आला. काय जनावर होतं ते! काळीभोर, अंगावर कातरून काढलेली नक्षी, पायात चाळ. तेवढ्यात कृष्णातला हवालदार दिसला. त्यानं लगेच म्हातारा केरबा पुढं ढकलला.

"काका, तुमी मारा हाक."

केरबानं बेंबीच्या देठापासून हाक मारली. हरणीनं कान हलवले. पुन्हा मारली. तिनं त्याच्याकडे पाठ केली आणि निवांत शेण टाकलं. लोक खो खो हसायला लागले.

"केरबाकाका, म्हैस भाड्यानं आणलीसा काय?" कुणीतरी ओरडलं.

"म्हैस चांगली हाय, पण धनीच न्हाई बघा तिला," दुसरा म्हणाला.

कृष्णातचा चेहरा लाल झाला. वर्षभर त्यानं तिला पेंड चारली, अंघोळी घातल्या, तिच्यासाठी पहाटे उठला. बायकोसाठी यातलं काहीच केलं नाही, ते सोडा. पण साऱ्या गवळीवाड्यासमोर हरणीची फजिती त्याला बघवेना. बघवणारच नव्हती, हे बनाबाईला ठाऊक होतं. त्यानं चुलत्याला बाजूला सारलं, पन्नास पावलं लांब गेला आणि हाक मारली, "हरणेऽऽ"

हरणी उधळलीच. लोक दोन्हीकडे पांगले. ती थेट त्याच्यापाशी जाऊन थांबली आणि त्याच्या छातीला तोंड घासायला लागली. शिट्ट्या झाल्या, गुलाल उडाला. कृष्णात हात वर करून ओरडला, "माझी हाय! हाय का अशी कुणाची?"

"पुन्हा एकदा सांगा," जोतीराम हवालदार त्याच्या शेजारी येऊन म्हणाला, "कुणाची?"

हवालदारानं पंच म्हणून चार गवळी बोलावले. वाटलं, जातभाई आहेत, माघार घेतील. पण त्यांतला सर्वांत म्हातारा म्हणाला, "हाकंला आली म्हंजी त्येचीच. ह्यात खोटं चालत न्हाई." आणि त्यानं पंचनाम्यावर अंगठा उठवला.

हवालदारानं हरणीच्या गळ्यातल्या दाव्याला हात घातला तेव्हा कृष्णात रडकुंडीला आला. केरबा कधीच पसार झाला होता. कृष्णातनं कमरेचा पैशांचा कसा रिकामा केला, उरलेले तिथल्या तिथं उसने घेतले आणि एकशे साठ रुपये हवालदारापुढं धरले. मी पानाच्या दुकानाच्या फळीवरच आनंदानं पावती लिहिली.

"म्होरल्या म्हयन्यापास्नं पाच तारखंला," बनाबाई नवऱ्याला म्हणाली. "हवालदारास्नी गोठ्याची वाट ठावी हाय."

पैसे पदराला बांधून ती वळली. गणपतरावाचा चेहरा खुलला होता. "चल आक्का, घरला जाऊ," तो म्हणाला. "उद्या भाऊबीज हाय."

"उद्या वव्हाळायला येतो की," बनाबाई म्हणाली. "ऱ्हायला न्हाई येत. म्या खोली बघून ठेवलीया."

आणि ती एकटीच, गर्दीतून, पुढं चालायला लागली.