डेंजर की डेंजरस?

बोरीवलीच्या त्या सोसायटीत लोक चोरांपेक्षा सेक्रेटरींच्या व्याकरणाला जास्त घाबरत! सेक्रेटरी श्यामसुंदर कर्णिक हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, पण दुरुस्त्या करायची सवय सुटली नव्हती. व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रार इंग्रजीतच लिहायची, हा त्यांचा नियम. वनमाला परबने एकदा लिहिलं, 'वॉटर कमिंग स्लो.' लगेच उत्तर आलं, 'स्लोली! क्रियाविशेषण वापरा. आणि सहायक क्रियापद कुठे गेलं?' वर हसऱ्या चेहऱ्यांची रांग. पाणी आठवडाभर तसंच करंगळीएवढं.

मरोळच्या कॅन्टीनमध्ये दोनशे माणसांचं जेवण सांभाळणारी वनमाला त्या दिवसापासून ग्रुपवर गप्प झाली.

एका रविवारी सकाळी लिफ्टने खाली येताना करकर आवाज झाला, जोराचा हिसका बसला. कळवायलाच हवं! तिने बाहेर येऊन टाईप केलं, 'लिफ्ट इज डेंजर.' खोडलं. 'डेंजरस.' तेही खोडलं. नाम की विशेषण? भाचीला फोन लावला, तर तो एंगेज. तेवढ्यात वरून धाडकन आवाज आला आणि पाठोपाठ आरोळी, "हेल्प! हेल्प!"

मेकॅनिकला फोन करत वनमाला जिना चढली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. जाळीतून कर्णिकांच्या चपला तेवढ्या दिसत होत्या.

"साहेब, घाबरू नका. मेकॅनिकला फोन केलाय, येतोय तो."

"लिफ्ट बिघडलीय हे कुणालाच कळलं नाही?"

"मला कळलं होतं ना."

"मग लिहिलं का नाही?"

"डेंजर की डेंजरस, तेच ठरेना! चुकलं असतं तर चारचौघांत तुम्ही माझी वाट लावली असती."

"डेंजरस," कर्णिक सवयीने पुटपुटले. मग कळवळून म्हणाले, "अहो, डेंजर लिहिलं असतं तरी कळलं असतं हो मला!"

"मग पाण्याचं कळलं नव्हतं? साहेब, माझं इंग्रजी कच्चं आहे, अक्कल कच्ची नाही. बाजूला घेऊन शिकवा, मी आनंदाने शिकेन. पण सगळ्यांसमोर हसं केलं की माणूस बोलायचाच बंद होतो."



अर्ध्या तासाने सुटका झाली. घामाघूम कर्णिकांनी जिन्यातच बसून ग्रुपवर मराठीत लिहिलं, 'वनमालाताईंना धोका आधीच कळला होता. माझ्या धाकाने त्या गप्प राहिल्या. चूक माझी. यापुढे ज्याला जसं येईल तसं लिहा.'

संध्याकाळपर्यंत एकोणीस तक्रारी आल्या! मराठीत, गुजरातीत, एक तर चक्क मालवणीत. गच्चीवरची उघडी वायर त्यातूनच कळली.

मंडळी, व्याकरण जरूर शिकावं. पण भाषेवरून कुणाला लाजवू नये. लाजलेला माणूस गप्प बसतो, आणि त्याचं गप्प बसणं सगळ्यांनाच महागात पडतं.