फेट्याआडून घेतलेली गिटार

आत्याच्या पोराला छळणं हा आमच्याकडे गुन्हा नाही, हक्क आहे. आते-मामे भावांनी एकमेकांची यथेच्छ टर उडवायची, चपला पळवायच्या, उंटावरनं ढकलून द्यायचं, आणि कुणी फुगून बसायचं नाही. फुगला तो हरला. सासऱ्याचं बरोबर उलटं. त्याच्यासमोर हसायचं नाही, खायचं नाही, फेट्याचं टोक नाकावर ओढून मुकाट बसायचं, आणि त्यानंही जावयासमोर तसंच. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे इथं वाळवंटातल्या तमनरासेतच्या बाजारात त्या दिवशी काय राडा झाला ते कळेल.

माझा आतेभाऊ अमूद. माझ्याहून बराच लहान, ट्रक दुरुस्त करतो. केल्ला नावाच्या पोरीवर त्याचा जीव, तिचाही याच्यावर. पण तिचा बाप खमादीन काही हो म्हणेना. "या पोराच्या तोंडात जीभ तरी आहे का? कधी बोललेला ऐकला नाही," म्हणायचा. आता होणाऱ्या सासऱ्यासमोर बोलणार कसा बिचारा? शेवटी केल्लानंच सुचवलं, "ईदच्या संध्याकाळी सगळे जमतील, तेव्हा गिटार वाजव. बोलता येत नाही तर वाजवून तरी ऐकव बाबांना."

गड्यानं जन्मात गिटार हातात धरली नव्हती.

"एल्वाफी, येतोस का माझ्याबरोबर घ्यायला?" त्यानं मला विचारलं.

"मला कुठला वेळ!" मी म्हणालो, आणि त्याच्या आधी दुकानात जाऊन बसलो.

दुकानदार माझा दोस्त, गिटारीपासून रेडिओच्या सेलपर्यंत सगळं विकतो. त्याला शेजारी चहाला पिटाळला, त्याच्या गादीवर मांडी ठोकली आणि फेटा डोळ्यांपर्यंत ओढला. आमच्याकडे पुरुषाचे नुसते डोळे दिसतात. लबाडीला याहून सोयीचा पोशाख नाही.

अमूद आला. नजर थेट लाल गिटारीवर. कोऱ्या जीपसारखी चकाकत होती सटवी.

"ही दाखवा," तो म्हणाला.

मी आवाज बसका केला. "पहिलीच का?"

"हो."

"मग आधी मिठी मार तिला."

"मिठी?"

"अरे, जन्माची सोबत आहे. हं, अशी. आता तिला तुझं नाव सांग. हळू नको, बहिरी असते नवी गिटार."

"मी अमूद!" हा गिटारीच्या भोकात ओरडला.

"आईचंही सांग. आता खांद्यावर घेऊन एक चक्कर मार. उंट घेताना चालवून बघतोस की नाही?"

पठ्ठ्यानं दुकानात दोन चकरा मारल्या! मला हसू आवरेना. हसता हसता झगा सरकला आणि घात झाला. लहानपणी गाढवानं तुडवल्यापासून माझ्या डाव्या पायाचा अंगठा आभाळाकडे बघतो.

"म्हाताऱ्या बोकडा!" अमूद किंचाळला. "असा अंगठा अख्ख्या गावात एकाचाच!"

दोघं पोट धरून हसलो. मग म्हटलं, आता खरं सांगू याला. "हे बघ, लालच्या तारा कशा वर उचलल्यात. खालून उंदीर जाईल. दाबून दाबून बोटं सोलतील तुझी. ती कोपऱ्यातली तपकिरी घे. ओरखडे आहेत, पण मान सरळ आहे, तारा अलगद दबतात. आणि जुनी आहे. इथल्या कोरड्या हवेनं तडकायची असती तर एव्हाना तडकली असती. ही टिकली."

"लोक हसतील रे तिला बघून."

"लोक तुला बघूनही हसतात."

"थांब, हात ग्रीसचे आहेत. धुऊन येतो, मग ठरवू," म्हणत तो मागच्या नळावर गेला. मी शेजारून चहा आणायला गेलो.

ट्रे घेऊन परत आलो तर गादीवर कोण? खमादीन! रेडिओचे सेल घ्यायला आला असणार. गुडघा दुखतो म्हणून रिकाम्या गादीवर टेकला होता. फेटा माझ्यासारखाच पांढरा, डोळ्यांपर्यंत ओढलेला. आणि अमूद हात पुसत पुसत आत येत होता.

त्याला थांबवायला हवं होतं? हो. थांबवलं? छे!

"ठरलं," अमूद गादीसमोर बसला. "तपकिरीच. ईदपर्यंत एक चाल तरी यायला हवी, चकाकून काय करू? काय रे, मुका झालास आता?"

गादीवरचे डोळे नुसते रोखून बघत राहिले.

"तो खमादीन ससाण्यासारखा बघतो रे. माझी जीभ टाळूला चिकटते. पण माणूस चांगला. लेकीवर कधी आवाज चढवला नाही त्यानं, म्हणून ती अशी खळखळून हसते. माझ्या घरी आल्यावरही तिचं हसू तसंच राहील, एवढंच सांगायचंय मला त्याला. पण कुठल्या तोंडानं सांगू? आणि आता अंगठा कशाला लपवतोस, बोकडा? काढ बाहेर!"

त्यानं झगा वर केला आणि पाय ओढला. अंगठा सरळ होता.

"चहा!" मी दारातून म्हणालो.

अमूदनं माझ्याकडे बघितलं, मग गादीकडे. मग फेट्याचं टोक नाकावरून डोळ्यांवर, डोळ्यांवरून कपाळावर. आंधळ्यासारखा उठला, दाराऐवजी भिंतीवर जाऊन आदळला. खाली सरळ अंगठा, वर ससाणा. संपलं लग्न, असंच वाटलं असणार त्याला. खरं सांगतो, तेवढ्यापुरतं मलाही वाटलं.

मग खमादीनचे खांदे हलायला लागले. म्हातारा हसत होता! डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर.

"बस रे," तो म्हणाला. "आज मी तुझा कोणी लागत नाही, म्हणून पोटभर हसून घेतो. उद्या घरच्यांना पाठव बोलणी करायला. एकदा सासरा झालो की मला हसता यायचं नाही, आणि तुला माझा पाय ओढता यायचा नाही."

भिंतीकडे तोंड करून अमूद उभा. चकार शब्द नाही.

"बघा, जावईपणा लगेच सुरू केला यानं," मी म्हटलं.

"आणि तपकिरीच घे," खमादीन उठता उठता म्हणाला. "लाल माझ्या पुतण्यानं घेतली होती. आता तिच्यावर कोंबड्या बसतात."

ईदच्या संध्याकाळी अमूदनं एकच चाल वाजवली. तीही मध्ये मध्ये अडखळत, गाढव वाळूत रुतल्यासारखी. केल्ला खळखळून हसत होती. खमादीन पार मागे, फेटा डोळ्यांपर्यंत ओढून, दगडासारखा बसला होता. जावयासमोर बसायचं तसा.

मी मात्र खाली बघितलं. झग्याबाहेर सरळ अंगठा आला होता आणि ताल धरत होता.