बारापैकी नऊ विहिरी

माझ्या रविवारच्या वर्गात खोडरबर चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, शेजारी नवा आकडा लिहायचा आणि सही करायची. जुना आकडा वाचता आला पाहिजे.

निवृत्त झाल्यापासून आर्णीजवळच्या आमच्या गावात, वाचनालयाच्या ओसरीवर, मी मुलांना एवढंच शिकवतो. कधी आम्ही वेशीजवळच्या झिजलेल्या शिळेवरची अक्षरं वाचतो. कधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना जुन्या पुराच्या आठवणी विचारून त्या एकमेकींशी ताडून बघतो. आणि दर रविवारी गावातल्या बारा विहिरी मोजतो. गाठी मारलेल्या दोरीला दगड बांधायचा, काठापासून पाणी किती मीटरवर आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं. मी जन्मभर इतिहास शिकवला, पण नियम शिळेला, आठवणीला आणि विहिरीला एकच आहे. आपल्या म्हणण्याच्या विरुद्ध जे जातं, ते आधी लिहायचं.

तांड्यावरची विहीर दीपा राठोडकडे आहे. ती आठवीत आहे. दोन उन्हाळे तिने एकही रविवार चुकवला नाही. ताप होता तेव्हा तिने आईला पाठवलं आणि वहीत प्रामाणिकपणे लिहिलं, 'आज याडीने मोजलं.'

त्या दोन उन्हाळ्यांच्या मधे एका संस्थेने गावाजवळ पाझर तलाव बांधला. तलावाचा विहिरींना किती फायदा झाला, याचा अहवाल करायचं काम अर्पिताकडे आलं. अर्पिता माझीच विद्यार्थिनी, या वर्गाच्या अगदी पहिल्या मुलांमधली. आता ती भूगोलात पीएच.डी. करते आहे. दिवाळीत येऊन ती वह्या घेऊन गेली आणि संक्रांतीला त्या वह्या परत आणि तिळगुळासोबत छापील अहवाल घेऊन आली.

"गुरुजी, पहिलं पान बघा," ती म्हणाली.

पहिल्या पानावर छापलं होतं, 'पुराव्याशी प्रामाणिक राहायला शिकवणाऱ्या माझ्या गुरुजींना.' माझा चष्मा ओला झाला. 'अहवालातील नोंदी माझ्या वर्गाच्या वह्यांप्रमाणे आहेत' अशा एका ओळीच्या दाखल्यावर तिने सही मागितली. मी केली. पुढचं एकही पान न उलटता केली.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी दीपाचे आजोबा रूपसिंग ओसरीच्या पायरीशी येऊन उभे राहिले. हातात दोन कागद होते.

"या ना रूपसिंगभाऊ, बसा."

"बसाले नाही आलो, गुरुजी. तांड्यासाठी टँकर मांगतला होता आम्ही. तालुक्याहून नाही म्हणून कागद आला. म्हंते, तलाव झाल्यापासून साऱ्या गावच्या विहिरीले पाणी वाढलं." त्यांनी दुसरा कागद पुढे केला. "हे सही तुमचीच हाय ना?"

माझ्याच दाखल्याची झेरॉक्स होती.

"माझीच आहे."

"मंग आमची विहीर काय खोटं बोलून राह्यली का? बाया दोन किलोमीटर जाऊन राह्यल्या पाण्याले."

मी कपाटातून अहवाल काढला. मुलं भोवती जमली. दीपाने तक्त्यावर बोट ठेवून मोजलं. पुन्हा मोजलं.

"गुरुजी, नऊच हायेत. मायी विहीर कुठी गेली?"

बारापैकी तीन विहिरी नव्हत्या. तांड्याची, पुंडलिकरावांची आणि नेमसिंगच्या मळ्यातली. तिन्हींचं पाणी खाली गेलेलं होतं. तांड्याचं तर साडेआठ मीटरवरून दहावर. अहवालाच्या शेवटी ठळक अक्षरांत वाक्य होतं, 'गावातील विहिरींची पातळी वाढली.'

दीपाने आपली वही आणली. एका पानाचा समास खरबरीत झालेला तिच्या हाताला लागला. तिने काही विचारलं नाही. शिळेची अक्षरं वाचताना धरतो तसं तिने ते पान सकाळच्या तिरप्या उन्हात आडवं धरलं आणि खोडलेल्या पेन्सिलीच्या वळातून एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं.

"तिन्ही... निष्कर्षाला... नडतात. काढाव्यात."

अक्षर मी ओळखलं. 'ड' ला असा लांब पाय काढू नको, म्हणून मीच अर्पिताला चौथीत दहादा सांगितलं होतं.

"आमच्या वहीत खोडरबर कोनं चालवलं?" मागून एका मुलाने विचारलं.

दीपा मात्र माझ्याकडे बघत होती. "नडते म्हणून काढाचीच होती, तं मंग मले मोजाले कायले लावलं?"

मी अर्पिताला फोन केला. ती दुसऱ्याच दिवशी आली. ओसरीवर बसली, पण पाणी घेतलं नाही.

"गुरुजी, काही नोंदी वगळाव्याच लागतात. सगळ्याच विषयांत हे चालतं. आणि मला कारणं आहेत."

"सांग. मी लिहून घेतो."

"पुंडलिकरावांनी त्या वर्षी नवी मोटर बसवली. उपसा वाढला, त्यात तलावाचा काय दोष? नेमसिंगच्या विहिरीच्या नोंदींत दोन रविवार नाहीत. आणि तांडा तलावाच्या वरच्या अंगाला आहे. तिथे पाणी पोचणारच नाही."

तिला बसवून मी उठलो. राग होता, पण रागात तपासलेलं काही खरं नसतं, हेही मीच शिकवत आलो आहे. पुंडलिकरावांकडे जाऊन मोटरीची पावती पाहिली. अर्पिता खरं बोलत होती. परत येऊन वह्या उघडल्या. नेमसिंगचे दोन रविवार नव्हते हे खरं, पण तिने ठेवलेल्या नऊ विहिरींत एकीचे चार रविवार नव्हते.

"ही कशी चालली?" मी विचारलं.

तिने वही मिटली.

"तांडा वर आहे, हेही खरं. मग 'तलावाखालच्या विहिरींना फायदा झाला' एवढंच लिहायचं होतंस. ते खरं असतं, आणि चांगलंही असतं. 'गावातील विहिरी' कशाला लिहिलंस? तांडा गावात नाही?"

"संस्थेला पूर्ण गाव हवं होतं, गुरुजी. माझं पुढचं काम त्यांच्याच..." तिने वाक्य सोडून दिलं. "तुम्ही सही केली, तेव्हा मला वाटलं तुम्ही वाचलंय. समजून घेतलंय."

हे तिला खरंच वाटलं होतं की नाही, मला आजही ठरवता येत नाही. तेवढा पुरावा माझ्याकडे नाही.

अकरा वर्षांची असताना ही मुलगी याच ओसरीवर रडली होती. रेघ मारल्याने पान घाण दिसतं म्हणाली होती. मी म्हणालो होतो, "घाण नाही गं, खरं दिसतं." तेव्हा नाक पुसून तिने सही केली होती.

"दुरुस्ती तू पाठवशील का?" मी विचारलं.

"एवढ्यात नाही जमणार."

ती गेली. गेटपाशी वळून तिने नेहमीसारखा नमस्कार केला आणि माझा हात सवयीने वर गेला. त्याचं मला फार वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी रूपसिंग आणि दीपाला बोलावलं. तालुक्याला द्यायचं पत्र लिहिलं. तलावाखालच्या विहिरींचं पाणी वाढलं आहे. तांड्याचं दीड मीटरने खाली गेलं आहे. नेमसिंगची विहीर वगळायला कारण नव्हतं. पुंडलिकरावांची विहीर धरू नये.

"आपली एक बाजू आपुनच काहून कमी करता?" रूपसिंग म्हणाले.

"ती आपली नव्हतीच, भाऊ."

मग दाखल्याची झेरॉक्स समोर घेतली. माझ्या सहीवर पट्टीने एक आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'न वाचता सही केली होती.' तारीख टाकली आणि खाली नव्याने सही केली.

दीपाने कागद उचलून उजेडात धरला आणि रेघेखालची जुनी सही वाचता येते का ते बघितलं. येत होती. मग तिने खुंटीवरची दोरी काढली आणि तिच्या गाठी तपासू लागली.