सव्वीस वेळा ‘हां’

आत्माराम फोनवर बोलायचा म्हणजे मुख्यतः ‘हां’ म्हणायचा. लाइन कटली असं समोरच्याला वाटू नये म्हणून. गावाकडून फोन आला तर ‘हो, हो’, इकडे आखातातल्या जबल अली बंदराच्या गोदामातून साहेबाचा आला तर ‘हां जी, हां जी’. त्याची बायको सगुणा म्हणायची, “झोपेतही हुंकार देतात. कुणाला, ते विचारायची सोय नाही!”

त्याच ‘हां’ने घात केला.

व्हिसावर कुणीतरी आडनाव गाळून नुसतं ‘आत्माराम रामचंद्र’ लिहिलं होतं, त्यामुळे इथे सगळे त्याला बापाच्या नावानेच हाक मारायचे. म्हणून वसुली एजन्सीच्या माणसाने “रामचंद्र साब?” विचारलं, तेव्हा हा म्हणाला, “हां.”

“क्रेडिट कार्ड का साढ़े ग्यारह हज़ार दिरहम बाकी है.”

“हां... पर मैंने कार्ड लियाच नहीं.”

“नहीं भरोगे तो एअरपोर्ट पे रोक लेंगे.”

“हां...”

तीन आठवडे हेच. बसमधून उतरून, बूट काढून चहाचा कप हातात घेतला की फोन वाजलाच.

“साडेअकरा हजार म्हणजे दीड लाख रुपये!” सगुणाने हिशेब केला. आत्मारामला मात्र पैशापेक्षा एअरपोर्ट छळत होता. दोन वर्षांनी मिळालेली रजा एक जुलैला सुरू होणार होती. बायको-पोरीच्या डोळ्यांसमोर लाइनीतून बाजूला काढलं तर? तिकिटं हातात होती, पण माळ्यावरच्या बॅगांना तो कुणाला हात लावू देईना.

“देऊन टाकतो,” एका संध्याकाळी तो म्हणाला. “महिन्याला पाचशे. खलास. मला नाही आता सोसत.”

“बाबा, नो वे!” दहावीतली पर्णिका उसळली. “न घेतलेल्या कार्डाचे? आधी प्रूफ दाखवा म्हणावं!”

तिने वहीचं पान फाडून झकास इंग्रजीत पत्र लिहिलं. कार्ड कुठल्या बँकेचं, घेतलं कधी, सहीचा कागद कुठे आहे? आत्मारामने ते ऑफिसातून फॅक्स केलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. सहीचा कागद नव्हताच. एकच ओळ होती : ग्राहकाने फोनवर सव्वीस वेळा कर्ज कबूल केले आहे.

“सव्वीस!” पर्णिका सोफ्यावर लोळून हसली. “बाबा, त्यांनी काउंट केलं!”

“अगं, ते ‘ऐकतोय’ म्हणून! गप्प बसलं तर उद्धट वाटतं.”

“लग्नाच्या बोलणीतही असंच ‘हां’ म्हणाला होतात वाटतं?” सगुणा म्हणाली. तोही हसला, पण तोंडातल्या तोंडात.

पुढचा फोन आला तेव्हा पर्णिका समोर ओठांवर बोट ठेवून उभी. तिकडून धमक्यांची सरबत्ती सुरू. आत्मारामने दात आवळले. घशात ‘हां’ चढायचा, तो गिळायचा.

“हॅलो? हॅलो? सुन रहे हो?”

“सुन रहा हूँ,” आत्माराम म्हणाला. “कर्ज माना नहीं है. सही का कागज भेजो.”

त्याने रिसीव्हर ठेवला. कुठे जिंकल्याबिंकल्यासारखं वाटलं नाही. पुढचे नऊ दिवस फोन येतच राहिले आणि तो खोकी मोजल्यासारखं तेच एक वाक्य सपाट आवाजात म्हणत राहिला.

शेवटी फॅक्स आला. अर्जावर रामचंद्र होता, पण आडनाव दुसरंच, पासपोर्ट नंबर दुसरा आणि जन्मसाल चौदा वर्षं आधीचं. पत्ता आणि फोन मात्र याच फ्लॅटचा. म्हणजे आधीचा भाडेकरू.

“सॉरी, हबीबी. नाम काट दिया,” एजन्सीवाला फोनवर म्हणाला.

“लिखके दो,” आत्माराम म्हणाला. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. पर्णिकाने भुवया उंचावून आईकडे पाहिलं.

ते पत्र एकोणतीस जूनला, दुपारी आलं. दोन ओळी आणि एक शिक्का. पर्णिकाने ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि खोलीभर नाचली. आत्मारामने कागद घडी करून पासपोर्टात ठेवला आणि पलंगावर आडवा झाला.

“अहो, बॅगा काढू ना आता?” सगुणाने विचारलं.

“काढ,” तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. “पण तासभर मला उठवू नका. आणि तो फोन कुणीतरी दुसऱ्याने घ्या.”