पाठीवरचं नाव

धाकटी जर्सी छापण्याच्या कारखान्यात होती आणि दिवसाला दोनशे शर्टांच्या पाठीवर स्वतःचंच नाव छापायची. गरम प्रेस खाली ओढायची, बारापर्यंत मोजायचं, प्रेस वर करायची, कागद सोलायचा, की पुढचा शर्ट. शेजारची बाई म्हणायची, "काय खेळते गं ही पोरगी. नशीब काढलं." धाकटी "हो ना" म्हणायची. दुसरं काय म्हणणार, कप्पाळ?

कारण ती पोरगी म्हणजे तिची सख्खी ताई, आणि नाव ताईचं नव्हतंच.

झालं होतं असं. ताई तेव्हा सतरा वर्षांची, ताडमाड, हातात बास्केटबॉल आला की समोरच्या पाच जणींना खिशात घालणारी. पण शाळांच्या स्पर्धेत सोळाच्या वरच्यांना घेत नव्हते. आईने कपाट उघडलं आणि धाकटीचा जन्माचा दाखला काढला. "एका स्पर्धेपुरतं गं," म्हणाली. ताई त्या दाखल्यावर नव्या शाळेत गेली. एका नावावर दोघी कशा शिकणार? वर्गात पहिल्या तिघींत येणारी धाकटी नववीनंतर घरी बसली आणि तिच्या वाट्याला ताईचे कागद आले. ताई तिच्या गळ्यात पडून रडली, हे मात्र खरं. "मोठ्या संघात वयाची अट नसते. तिथे पोचले की मी स्वतः खरं सांगेन. तुझं नाव तुला परत. आईची शपथ."

ताई पोचली. शाळेची कप्तान झाली, कॉलेजने फुकट शिकवलं, देशाच्या संघात गेली, मग सगळ्यात मोठ्या व्यावसायिक क्लबने उचलली. पहिल्याच मोसमात अंतिम सामन्यात एकटीने एकतीस गुण काढले. प्रेक्षक उभे राहून नावाचा गजर करत होते आणि धाकटी टीव्हीसमोर बसून ऐकत होती. अभिमान वाटला तिला. बहीणच ती, वाटणारच.

तिने फोन केला. ताई म्हणाली, "हा मोसम संपू दे." पुढच्या वेळी म्हणाली, "नवा करार होऊ दे." तिसऱ्यांदा फोन आईने उचलला, आई आता ताईकडेच राहायची. "तिचं बस्तान बसलंय, त्यात बिब्बा घालू नकोस," आई म्हणाली. "तुझं काय अडलंय नावावाचून?"

अडलं होतं. रुग्णालयात शिकाऊ परिचारिका घेत होते. नववी पास हवी, वय पंचविसाच्या आत. धाकटी तेवीस वर्षांची, नववी पास, दोन्हींत बसत होती. ताईचे कागद पंचवीस पूर्ण आणि नववी नापास, एकातही बसत नव्हते. अर्जाला चार दिवस उरले होते.

त्या शनिवारी ताई क्लबच्या दुकानात चाहत्यांना सह्या द्यायला येणार होती. धाकटीने टंकलेखकाकडून सगळी खरी हकिकत एका कागदावर उतरवून घेतली, स्वतः छापलेल्या शर्टात गुंडाळली आणि दोन तास रांगेत उभी राहिली.

"ताई, इथे सही कर," ती हळूच म्हणाली. "तेवढीच हवी."

ताईने वर पाहिलं. ओळखलं, न ओळखायला काय झालं, पंधरा वर्षं एका अंथरुणात झोपलेल्या दोघी. तिने कागदाच्या पहिल्या दोन ओळी वाचल्या, घडी घातली आणि शेजारच्या क्लबच्या माणसाकडे बघून गोड हसली. "मी फक्त शर्टावर सह्या देते हं," म्हणाली आणि कागद परत दिला.

धाकटीने कागद परत घेतला. इतकी वर्षं तिला वाटत होतं, ताईला वेळ नाही, आई आड येते, करार आड येतो. मनातून ताई आपलीच आहे. कसली आपली. हिने केसाने गळा कापला होता आणि वर हसत होती.

ताईने शर्ट पुढे ओढला. "कुणासाठी लिहू?"

धाकटीने ताईचं खरं नाव सांगितलं, आठ वर्षं आपण अंगावर वागवत असलेलं. पेन जरासं थांबलं. मग ताईने ते नाव वळणदार अक्षरात लिहिलं, पुढे 'हिला खूप शुभेच्छा' लिहिलं आणि खाली धाकटीच्या नावाने सही ठोकली.

"पुढच्या या," ताई म्हणाली.